निरंक म्हणजे मागणी नव्हती, असे नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय साहित्याच्या तुटवड्याची बातमी येते ती वस्तू पार संपल्यावर. संपण्याची सुरुवात मात्र कित्येक महिने आधी स्टोअरच्या नोंदवहीत झालेली असते. शस्त्रक्रियेचे आणि डायलिसिसचे साहित्य पुरवणाऱ्या मडगावच्या एका पेढीत मी २६ वर्षे स्टोअर सांभाळले असल्याने या नोंदवह्यांविषयी थोडे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझे थोरले बंधू आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. गेल्या महिन्यात केंद्रावर पोहोचताच सिस्टरने चिठ्ठी हाती दिली, ‘१७ गेजच्या दोन सुया बाहेरून आणा.’ बंधूंच्या हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, नवा आहे, आणि नव्या फिस्टुलात सुरुवातीला बारीकच सुई घालावी लागते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे १५ गेजची जाड सुई तिथे चालत नाही. मी तिसऱ्या औषधालयातून सुया मिळवून परतलो तेव्हा सिस्टरने स्वतःच स्टोअरचे कपाट उघडून दाखवले. १५ गेजची खोकी वरपर्यंत रचलेली होती आणि त्यांतल्या कित्येकांची मुदत चार महिन्यांत संपणार होती. रजिस्टरात शिलकीची मात्र सगळ्या आकारांसाठी एकच ओळ होती, ‘फिस्टुला सुया, शिल्लक ५४०’. कागदोपत्री माल भरपूर होता आणि १७ गेजची एकही सुई नव्हती.

असे का झाले, हे मागची पाने चाळल्यावर कळले. आदल्या वर्षी तीन महिने १७ गेजच्या सुया आल्याच नव्हत्या, आणि त्या महिन्यांत ‘दिलेला माल’ या रकान्यात त्यांच्यापुढे ‘निरंक’, म्हणजे शून्य, लिहिले गेले. पुढच्या वर्षाचा इंडेंट, म्हणजे मालाचे मागणीपत्र, करताना लिपिकाने वर्षभरात दिलेल्या सुयांची बेरीज करून तिला बाराने भागले. त्याचा हिशेब अंकगणिताने बरोबरच होता. पण माल नव्हता म्हणून दिला नाही, या गोष्टीचा अर्थ कागदावर कोणी मागितलाच नाही असा झाला. त्यामुळे इंडेंटमधली मागणी घटली, घटलेला माल लवकर संपला आणि नव्या वर्षात ‘निरंक’चे महिने आणखी वाढले. या एका शब्दामुळे तुटवडा स्वतःलाच पोसत राहतो.

खरे तर डायलिसिसइतकी आधी मोजता येणारी मागणी रुग्णालयात दुसरी क्वचितच असेल. आठवड्यातून दोनदा येणारे ३० रुग्ण आणि प्रत्येक वेळी २ सुया, म्हणजे आठवड्याला १२० सुया झाल्या. त्यांतले ५ जण नव्या फिस्टुलाचे असतील तर १७ गेजच्या २० सुया लागतात. माल यायला तीन आठवडे लागत असतील तर तेवढ्या काळासाठी ६० आणि दोन आठवड्यांची शिलकी ४०, म्हणून साठा १०० वर येताच मागणी गेली पाहिजे. कधी पहिली सुई नीट बसत नाही, तेव्हा त्यासाठी वरती थोड्या धराव्यात. कोणत्या रुग्णाचा फिस्टुला पक्का होऊन तो पुढच्या महिन्यात १६ गेजवर जाणार, हे तंत्रज्ञाला ठाऊक असते. त्याला विचारून इंडेंट केलेला मी तरी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

अपघाताच्या शस्त्रक्रियांना हा हिशेब लागू पडत नाही. मोडलेल्या हाडाची लांबी आधी ठरवता येत नाही, शिवाय हाड जोडायच्या अनेक प्लेट उजव्या-डाव्या वेगळ्या असतात, त्यामुळे तिथे सरासरीपेक्षा पूर्ण संच हाताशी असणे महत्त्वाचे. स्टेंटचेही तसेच, कारण रुंदी आणि लांबी दोन्ही जुळावी लागतात. अशा मालासाठी कन्साइनमेंटची पद्धत आहे, म्हणजे माल पुरवठादाराचा, रुग्णालयात ठेवलेला, आणि बिल वापरल्यावर. पद्धत चांगली आहे, परंतु बिले महिनोन्‌महिने अडकली की पुरवठादार आधी चालणारे आकार उचलून नेतो आणि न चालणारे मागे ठेवतो. आम्हीही तसे केले आहे, हे कबूल करतो. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून रुग्णालये वर्षाचा माल एकदम मागवीत, तेव्हा आमच्या पेढीने पडून राहिलेले आकार त्यांच्या गळ्यात मारले. एकदम आलेल्या मालाची मुदतही एकदमच संपते.

गोव्यात हा माल बहुतांशी मुंबई, पुणे, बेळगावच्या बाजूने येतो. पावसात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की दोन दिवस सहज जातात, आणि गणेश चवथीच्या आठवड्यात आमच्याकडे पार्सल उतरवून घ्यायला माणूस सापडत नसे. आयात मालाचा वेळ तर त्याहून बेभरवशाचा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा युरोपातून येणारा माल दहा-बारा दिवस उशिरा पोहोचू लागला. तरीही इंडेंटच्या नमुन्यात ‘माल येण्यास लागणारा कालावधी’ हा आकडा वर्षानुवर्षे तोच छापलेला राहतो.

केंद्राचे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ सालचे आहेत आणि त्यांत जोखमीनुसार अ, ब, क, ड असे वर्ग केले आहेत. त्या नियमांचा भर मालाच्या गुणवत्तेवर आणि परवान्यांवर आहे. कोणत्या केंद्रावर कोणत्या आकाराच्या किती सुया ठेवायच्या, हे ठरवायला राज्यालाच बसावे लागेल. आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की प्रत्येक स्टोअरच्या रजिस्टरात शिलकीची आकारवार वेगळी ओळ असावी आणि ‘मागितले, पण दिले नाही’ असा एक रकाना वाढवावा. त्याला एक पैसाही लागत नाही. त्या रकान्यातले आकडे जोडूनच वार्षिक इंडेंट करावा. निविदेत वर्षाचा एकूण आकडा देऊन न थांबता आकारवार विभागणी आणि दर महिन्याच्या पुरवठ्याचे हप्ते लिहावेत. गोवा केवढा तो! म्हापशाहून मडगावला गाडी दीड तासात पोहोचते, तेव्हा एका केंद्रावर मुदत संपत आलेली खोकी दुसऱ्या केंद्रावर वेळेत वापरली जाणे अशक्य नाही. फक्त कुणाकडे काय पडून आहे हे सर्व केंद्रांना एकाच यादीत दिसले पाहिजे.

बंधूंचा फिस्टुला अजून पुरता तयार झालेला नाही. तूर्त त्यांच्या पिशवीत मी १७ गेजच्या सहा सुया ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन गेल्या मंगळवारी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना द्याव्या लागल्या. केंद्राच्या रजिस्टरात त्या दिवशीही ‘निरंक’च लिहिले गेले.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, फोंडा