माया शेतकऱ्यांच्या घरांनाही जागा द्यावी

संपादक महोदय,

मेक्सिको व मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीविषयी मराठीत जे छापून येते, ते बहुधा टिकाल किंवा चिचेन इत्झा येथील पिरॅमिड, तिथले राजे आणि नरबळी यांपाशीच थांबते. या चित्रात पिकवणारी, रांधणारी, घर शाकारणारी माणसे कुठेच नसतात, याचे फार वाईट वाटते. कारण त्यांच्याविषयी सांगणारे अवशेष उपलब्ध आहेत.

एल साल्वादोरमधील होया दे सेरेन हे माया प्रदेशाच्या आग्नेय सीमेवरील शेतकऱ्यांचे खेडे इ.स. ६०० च्या सुमारास लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली कित्येक मीटर खोल गाडले गेले. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना ते उजेडात आले आणि १९७८ मध्ये पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांनी तेथे संशोधन सुरू केले. उष्ण, दमट हवेत एरवी लवकर नष्ट होणाऱ्या कुडाच्या भिंती, गवती छप्पर, घेवड्याने भरलेली मडकी, टांगून ठेवलेल्या मिरच्या असे सारे राखेने जपले होते. रोपे कुजल्यावर राखेत उरलेल्या पोकळ्यांत दंतवैद्य वापरतात ते प्लास्टर ओतून मक्याच्या ताटांचे आणि घायपाताच्या रोपांचे आकार मिळवता आले, आणि २००७ मध्ये तर कसाव्याचे नीट आखलेले वाफेच सापडले. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो हा कसावा माया लोक खरोखर शेतात लावत होते का, यावर त्याआधी अनेक वर्षे वाद चालू होता.

याहून महत्त्वाचे मला हे वाटते की, या साध्या घरांत रंगीत नक्षीची भांडी आणि दुरून आणलेल्या ज्वालामुखी काचेची पाती होती. मुलांचा हात पोचू नये म्हणून बहुधा ती पाती छपराच्या गवतात खोचून ठेवलेली होती. म्हणजे शेतकरी केवळ राजासाठी राबणारा कंगाल नव्हता. घरांत मृतदेह सापडले नाहीत. न धुतलेली भांडी तशीच टाकून लोक निसटले असावेत.

उत्तर ग्वातेमालातील जंगलावरून विमानातून लेसरने केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २,१०० चौरस किलोमीटर क्षेत्रात माया लोकांची ६० हजारांहून अधिक बांधकामे नोंदली गेली. त्यांतही बहुसंख्य राहती घरेच आहेत.

'माया लोक अचानक नाहीसे झाले' हे विधानही बरोबर नाही. नवव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडील अनेक नगरे ओस पडली, पण ग्वातेमाला, मेक्सिको व बेलीझमध्ये आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. आपल्या पुरवणीत हा विषय पुन्हा येईल, तेव्हा या लोकांना आणि त्यांच्या पूर्वजांच्या घरांना राजवाड्यांइतकीच जागा मिळावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक