टोपणनावाआडच्या मंडळींचे आभार

रियोको इकेडांची ‘रोझ ऑफ व्हर्साय’ ही मंगा (जपानी चित्रकथा) जपानी साप्ताहिकात सुरू झाली १९७२ साली. ती सबंध इंग्रजीत छापायला कुणी हात घालेपर्यंत २०२० उजाडलं! मधल्या काळात ती भाषांतर करून आमच्यापर्यंत पोचवलीत तुम्ही, टोपणनावाआड राहून फुकट राबणाऱ्या चाहत्यांनी. मनापासून आभार.

शोजो मंगात (म्हणजे मुलींसाठीच्या मंगात) मनातलं बोलणं बरंचसं संवादाच्या फुग्याबाहेर असतं; फुलांवर, केसांवर, दोन चौकटींच्या मधे सांडलेलं. तिथली जपानी अक्षरं पुसायची, खालच्या कुरळ्या बटांची रेघ न् रेघ पुन्हा काढायची आणि मग इंग्रजी बसवायचं. एकाने तर समासात फ्रेंच दरबारातल्या हुद्द्यांचा खुलासाही दिला होता. (जरा पाल्हाळच होतं, पण सगळं वाचलं.)

याच कथेवरच्या ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशन मालिकेच्या) ४० भागांना सबटायटल देणाऱ्यांचेही आभार. १९व्या भागापासून दिग्दर्शन ओसामु देझाकींकडे आलं. त्यांच्या त्या गोठवलेल्या, रंगवलेल्या चित्रांवरचे संवाद तुमच्यामुळेच कळले.

शोजो मंगा काढणाऱ्या मोतो हागिओंचं ‘हार्ट ऑफ थॉमस’ २०१३मध्ये इंग्रजीत रीतसर निघालं, तेव्हा मी ते विकत घेतलं. हागिओ हे नाव मात्र तुम्हीच आधी कानावर घातलं होतंत.