‘का’ जरा थांबव, आधी ‘किती’ विचारू दे

प्रिय विनय,

स. न. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना वैज्ञानिक पद्धत शिकवायची म्हणून निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष असा तक्ता फळ्यावर काढू नकोस. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. खरी मेहनत प्रश्नावर घे.

पहिली दहा मिनिटं दोऱ्याला बांधलेला वायसर (मधे भोक असलेली धातूची चकती), म्हणजे आपला दोलक, हलवून दाखव आणि मनात येतील ते प्रश्न लिहायला सांग. उत्तर देऊ नकोस, ‘छान प्रश्न’ असंही म्हणू नकोस. तसं म्हटलंस की बाकीचे गप्प होतात. मग प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचार: मी काय बदलणार, आणि काय मोजणार? ‘दोलक का हलतो?’ इथेच अडतो. तो वाईट प्रश्न नाही, पण एका तासिकेत त्याची परीक्षा घेता येत नाही. ‘दोरा दुप्पट केला तर दहा झोक्यांना किती सेकंद जास्त लागतील?’ याची घेता येते. ‘झाडाला गाणी आवडतात का?’ यातलं ‘आवडतात’ कशाने मोजणार, हे मुलांनाच ठरवू दे. उंची, पानं, काहीही, पण पट्टीने मोजता येईल असं. भाकीत प्रयोगाआधी पेनने आणि आकड्यात लिहून घे. पेन्सिलीने लिहिलेलं भाकीत हमखास बरोबर निघतं!

आता मोजणी. दोरा २५ सेमी घेतलास तर एक आंदोलन, म्हणजे जाऊन परत येणारा एक पूर्ण झोका, साधारण १ सेकंदाचं होतं, १ मीटरला २ सेकंदांचं. म्हणजे चौपट लांबीला दुप्पट काळ. बहुतेक मुलांचं भाकीत चौपट असतं, म्हणून हा प्रयोग मला आवडतो. लांबी दोरा जिथून लटकतो त्या टेकूपासून वायसरच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. १ सेकंदाचं एकच आंदोलन मोजलं तर ती २० टक्के, दहा मोजून दहाने भागलं तर २ टक्के. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं की नऊच आंदोलनं मोजली जातात आणि १ मीटरचा दोलक १.८ सेकंदांचा होतो.

सगळ्यात मजेदार घोळ वजनाचा. वजन वाढवायला मुलं एका वायसरखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी माळ लावतात. वजनाचा मध्य ४ सेमी खाली सरकला की २५ सेमीचा दोलक २९ चा होतो आणि दहा आंदोलनांना १० ऐवजी १०.८ सेकंद लागतात. ‘वजनाने काळ वाढतो’ असा निष्कर्ष वहीत जातो, आणि तीनदा करून पाहिला तरी तोच येतो. लगेच दुरुस्त करू नकोस. ज्यांनी सगळे वायसर एकाच हुकात अडकवले त्या गटाचे आकडे शेजारी लिही आणि दोन्ही गटांना एकमेकांची मांडणी तपासू दे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांना इथे कळतं. तू सांगून नाही.

झोका उभ्या रेषेपासून सुमारे १० अंशांपर्यंतच ठेव. पण एखाद्याने ‘झोका मोठा केला तर?’ विचारलंच तर सोडू नकोस. गॅलिलिओने १६०२ सालच्या पत्रात मोठ्या-लहान झोक्यांना सारखाच वेळ लागतो असं मांडलं होतं. पण ६० अंशांना काळ साधारण ७ टक्के वाढतो. हवेमुळे झोका आटत जातो, म्हणून प्रत्यक्षात ही वाढ थोडी कमी दिसेल. दहा आंदोलनांत ती पकडता येते.

आणि दोरा खिळ्याला गुंडाळू नकोस, झोक्यागणिक लांबी बदलते. लाकडाच्या दोन सपाट तुकड्यांत घट्ट आवळ. न ताणणारा घे, रबरी तर मुळीच नको.

तुझा,
अनंत