बाबा, बीएलओला खरं सांगा

स्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की मतदार यादी तपासायला घरोघर फिरणारा बीएलओ पुन्हा आला तर “मुलगी इथेच असते” असं सांगून टाकतो, नाव राहील तरी. तसं नका सांगू. चार वर्षं झाली, मी इंदूरला राहत नाही. खोटं लिहून देणं गुन्हा आहेच, पण तो नसता तरी मला असं नाव ठेवायचं नव्हतं.

मी फॉर्म ६ए भरतेय, म्हणजे परदेशातल्या मतदारांचा नोंदणीचा अर्ज. परदेशी नागरिकत्व न घेतलेल्या माझ्यासारख्यांसाठी ही सोय २०११ पासून आहे. पासपोर्टवर जो पत्ता, तिथल्याच यादीत नाव येतं, म्हणजे आपलं लोकमान्य नगर. बीएलओ माझ्या पासपोर्टच्या प्रती घेऊन चौकशीला घरी येईल, तेव्हा आई, तू त्याला बसव आणि चहा दे.

एवढं करूनही मत द्यायला मला तिथे यावंच लागणार, अस्सल पासपोर्ट घेऊन, आपल्या बूथवर. टपालाने मत देता येत नाही. वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांना देता येतं, सैन्यातल्यांना देता येतं, आम्हाला नाही. निवडणूक आयोगाने २०२० मध्येच कायदा मंत्रालयाला कळवलं होतं की परदेशातल्यांना टपालाने मत देऊ द्यायची आयोगाची तयारी आहे. पुढे काही हललं नाही.

अमेरिकेतल्या २०२४ च्या नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी वरच्या मजल्यावरची अमेरिकन बाई माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिका भरत बसली होती. त्यांच्याकडे मागणी वेळेत गेली की पंचेचाळीस दिवस आधी मतपत्रिका पाठवावीच लागते. तिने एकेक गोल काळ्या पेनाने नीट भरला, कागद आतल्या पाकिटात घातला, ते बाहेरच्या पाकिटात, आणि त्यावर सही केली. सही करताना हात किती जपून चालत होता तिचा! मी कणीक मळत होते. तिने पाकीट बंद केलं आणि मला आजी आठवली.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या लोकसभेच्या वेळी आजीचं मत घ्यायला माणसं घरी आली होती ना? पंच्याऐंशीच्या वरच्यांसाठी होतं ते. आई, तू व्हिडिओ कॉलवर सांगत होतीस, पुठ्ठ्याचा आडोसा लावला, आजीने आधी पदर सारखा केला, तुम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि मगच खूण केली. सत्त्याऐंशीच्या आजीपर्यंत मतपेटी जिना चढून जाते, तर माझ्यापर्यंत एक पाकीट का येऊ नये? त्या निवडणुकीत परदेशातल्या जवळपास १ लाख १९ हजार भारतीयांची नावं यादीत होती. मत दिलं तीन हजारांच्याही आत, आणि त्यातले बहुतेक केरळचे. इंदूरात नोटालाच २,१८,६७४ मतं पडली. मी काय केलं असतं ते सांगत नाही, पण त्या दिवशी तिथे नसल्याचं फार लागलं.

आमच्या वतीने दुसऱ्याने मत द्यावं, असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. ते पुढे बारगळलं, बरंच झालं. बाबा, तुम्ही माझ्या नावाने बटण दाबलं असतं तर ते तुमचंच मत झालं असतं. आपली दोघांची मतं कधी जुळली आहेत?

२०२८ च्या विधानसभेला मी येणार. तारीख जाहीर झाली की लगेच कळवा, रजा आधी मागावी लागते. आणि आजीला सांगा, या वेळी घरी कोणाला बोलावू नकोस, मी तुला रिक्षाने बूथवर नेते.

आजीला शि. सा. न.

तुमची,
मनू