मुलाच्या हातचे पोहे

संपादक महोदय,

इंदुरात रविवारी पोहे बाहेरून आणायची रीत आहे. ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून घरीच करवून घ्यावेत. आईचं कौतुक वाया जात नाही आणि पोरगा गॅसला बिचकत नाही.

चौघांना 300 ग्रॅम जाडे पोहे. चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे, पातेल्यात भिजत टाकायचे नाहीत. लगदा होतो तो तिथेच. दहा मिनिटं निथळले की मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे साखर पोह्यांनाच चोळावी. हळद तापल्या तेलात टाकली की जळून काळपट पडते, आणि नवशिका हमखास तेच करतो. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, बडीशेप, मिरची. मोहरी तडतडेपर्यंत धीर धरायचा, मुलांना नेमका तोच नसतो. पोहे परतून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कढई ठेवून झाकण घालायचं. सात-आठ मिनिटं वाफ. गॅसवर नुसते ठेवले तर तळाशी कडक होतात. लिंबू गॅस बंद केल्यावर. जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव ताटलीत, अगदी शेवटी. आधी घातली की शेव मऊ पडते.

आयांनी मात्र मागे उभं राहून सूचना देऊ नयेत. पाहुण्यांसमोर ‘आमच्या बाळानं केलेत’ हेही नको, या वयात ‘बाळ’ म्हटलेलं फार लागतं. दुसऱ्यांदा मागून घ्यावेत, त्याला कळतं. आणि कढई त्यानंच घासायची.

– एक वाचक, इंदूर