खोल बुडीचे गणित ॲपवर सोपवता येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गोव्यातील जलक्रीडांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो एरवी माहितीपूर्ण होता. मात्र खोल पाण्यातील डायव्हिंगविषयी लिहिताना लेखकाने असे म्हटले आहे की, पूर्वी डायव्हरना तक्ते घेऊन बसावे लागे, आता मोबाइलवरचे ॲप कुठे किती थांबायचे ते ठरवून देते. मी वास्कोचा रहिवासी असून गेली अठरा वर्षे बुडी मारतो आहे आणि त्यांतली निम्मी वर्षे डिकॉम्प्रेशनची, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोल्यांवर थांबत वर येण्याची, गरज असलेल्या बुड्यांत गेली आहेत. त्यांना टेक्निकल बुड्या म्हणतात. त्या अनुभवावरून ‘ठरवून देते’ या शब्दांना माझी हरकत आहे.

ग्रँड आयलंडजवळ दहा-बारा मीटरवर जाऊन येणाऱ्या पर्यटकाला हे थांबे आखणाऱ्या सॉफ्टवेअरशी कर्तव्य नसते. टेक्निकल बुडीला लागते तेवढी खोलीच आपल्या किनाऱ्यालगत नाही. त्यासाठी आमच्यापैकी बहुतेकजण अंदमान गाठतात, पण आखणी मात्र इथेच, पावसाळ्यात समुद्र बंद असताना जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून होते. यंदा जूनमध्ये मी आणि माझ्या नेहमीच्या सोबत्याने एकाच बुडीची आखणी आपापल्या घरी स्वतंत्रपणे केली. खोली 45 मीटर, तळाशी 25 मिनिटे, पाठीवर हवेची जोडटाकी आणि वर येताना 21 मीटरपासून पन्नास टक्के ऑक्सिजनचे नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले श्वसनाचे मिश्रण. सॉफ्टवेअर एक, गणिती मॉडेल एक, बुडी एक. तरी दोन छापील कागद शेजारी ठेवल्यावर एकूण थांब्यांच्या वेळेत आठ-नऊ मिनिटांचा फरक निघाला. त्याने ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे किती सावधगिरी बाळगायची हे सांगणारे दोन आकडे, 30/85 ठेवला होता, मी 30/70.

हा फरक चूक नव्हे, आणि नेमके हेच त्या लेखातून निसटले आहे. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना किती वेगाने बाहेर पडू द्यायचा, याचे पहिले शास्त्रीय तक्ते जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठीचे प्रयोग शेळ्यांवर झाले होते. (आम्ही डायव्हर मंडळी त्या शेळ्यांचे उपकार फारसे आठवत नाही.) पुढे झुरिचच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराची सोळा काल्पनिक कप्प्यांत विभागणी करून प्रत्येकाला भरण्या-रिकामे होण्याचा वेगळा वेग दिला, सर्वांत मंद कप्पा निम्मा भरायला 635 मिनिटे घेतो. हे कप्पे म्हणजे यकृत, सांधे किंवा मेंदू नव्हेत, ते केवळ गणित आहे. त्या गणिताने दिलेल्या मर्यादेच्या किती जवळ जायचे, हे ग्रेडियंट फॅक्टरचे दोन आकडे सांगतात. ही पद्धत एरिक बेकर यांनी 1990च्या दशकात मांडली. पहिला आकडा पहिला थांबा किती खोल घ्यायचा हे ठरवतो, दुसरा पृष्ठभागावर डोके काढताना मर्यादेपासून किती अंतर राखायचे हे ठरवतो. 85 म्हणणारा मर्यादेच्या अधिक जवळ जातो, 70 म्हणणारा अधिक दूर राहतो. पन्नाशीला टेकलेला, गुडघ्याची जुनी दुखापत असलेला आणि आदल्या रात्री बोटीवर नीट न झोपलेला माणूस यांपैकी कोणता आकडा निवडतो, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. ते फक्त भरलेल्या चौकटीतला आकडा वाचते.

आणि हे आकडेसुद्धा काळाप्रमाणे बदलत आले आहेत. मी शिकलो तेव्हा खोलवरचे थांबे, ‘डीप स्टॉप’, घेणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाई. बुडबुड्यांचे भौतिकशास्त्र मांडणारी व्हीपीएम-बीसारखी मॉडेले तोच सल्ला देत आणि आम्ही पहिला आकडा दहा-वीसवर ठेवून तो निमूटपणे पाळत असू. अमेरिकेच्या नौदलाने सुमारे चारशे बुड्यांचा जो नियंत्रित प्रयोग केला आणि ज्याचा अहवाल 2011 मध्ये आला, त्यात एकूण वेळ सारखा ठेवूनही खोल थांबे घेणाऱ्यांनाच डिकॉम्प्रेशनचा त्रास, म्हणजे शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार, अधिक झाला. ज्यांनी तो अहवाल वाचला त्यांनी आपले आकडे बदलले. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये जुनी सेटिंग्ज साठवलेली होती, त्यांना सॉफ्टवेअरने काहीही सांगितले नाही.

दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. गोव्याबाहेरच्या एका केंद्राच्या बोटीवर आमची आखणी आदल्या संध्याकाळी केंद्राच्याच मोबाइलवर करून दिली गेली होती आणि सकाळी टाक्या भरून आल्या. टाकीवरच्या चिकटपट्टीवर मार्करने ‘50’ असे ठळक लिहिलेले होते. सवयीप्रमाणे मी ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा ॲनालायझर लावला, तर आकडा हळूहळू चढत 56 वर जाऊन थांबला. बोटीवरचा माणूस हसून म्हणाला, “ऑक्सिजन जास्तच मिळतोय ना, मग चांगलंच की!” 21 मीटरवर दाब 3.1 बार असतो. 50 टक्क्यांच्या मिश्रणात ऑक्सिजनचा अंशदाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, 1.55 येतो, जो विश्रांतीच्या थांब्यासाठी मानल्या जाणाऱ्या 1.6च्या आत आहे. 56 टक्क्यांना तोच 1.74 होतो. या दाबाला पाण्याखाली झटके येऊ शकतात, आणि तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचे साधन, सुटलेल्या माणसाला 21 मीटरवर दुसरी संधी क्वचितच मिळते. आखणी कागदावर निर्दोष होती, कारण तिला 50 असेच सांगितलेले होते. आम्ही ते मिश्रण आणखी वरच्या थांब्यावर वापरायचे ठरवून सगळी आखणी पुन्हा केली. बोट अर्धा तास उशिरा सुटली आणि बाकीच्या मंडळींनी तोंडे वाकडी केली.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हरवलेल्या गॅसच्या आखणीकडे. वर उल्लेखलेल्या बुडीत नायट्रॉक्सची टाकी काही कारणाने वापरता आली नाही, तर माझ्या 30/70च्या हिशेबाने केवळ हवेवर वर येण्यास वीसेक मिनिटे अधिक लागतात. आता गॅसचा हिशेब पाहा. बारा लिटरच्या दोन टाक्या 200 बारला भरल्यास 4,800 लिटर हवा होते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणारा माणूस 45 मीटरवर, म्हणजे 5.5 बारला, मिनिटाला 110 लिटर ओढतो. 25 मिनिटांत 2,750 लिटर संपतात. उरलेल्या दोन हजारांत ते लांबलेले थांबे एका माणसाचे जेमतेम निभतात, आणि त्याच क्षणी सोबत्याला हवा द्यायची वेळ आली तर काहीही शिल्लक राहत नाही. शिवाय ते 20 लिटर स्वस्थ पोहणाऱ्याचे आहेत; प्रवाहाविरुद्ध पाय मारणाऱ्याला ते तीसही लागू शकतात. सॉफ्टवेअर हा सगळा हिशेब मिनिटभरात करून देते, पण कोणी विचारला तर. म्हणून आम्ही स्लेटवर पेन्सिलीने तीन स्तंभ लिहून नेतो: ठरलेली बुडी, तीन मीटर खोल आणि पाच मिनिटे लांबलेली बुडी, आणि नायट्रॉक्सशिवायची बुडी. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर बंद पडला तरी स्लेटवरची पेन्सिल पाण्यात पुसली जात नाही.

माझा या साधनांना विरोध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. सबसर्फेस हे 2011 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेले सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यात आखणीची सोय आहे आणि मी ते आनंदाने वापरतो. हाताने तक्ते जुळवण्याचे दिवस परत यावेत असेही मला म्हणायचे नाही; त्यात बेरजा चुकत आणि त्या चुका कोणाच्या लक्षातही येत नसत. माझे म्हणणे एवढेच आहे की एका बोटीवरच्या चौघांनी एकाच्या मोबाइलवरची आखणी उतरवून घेऊ नये, प्रत्येकाने आपली स्वतः करावी आणि मग कागद शेजारी ठेवून फरक कुठून आला ते शोधावे. गोव्यातील प्रशिक्षण केंद्रांनीही शिकाऊ डायव्हरला ग्रेडियंट फॅक्टर ‘हा ठेव’ असे न सांगता, तोच का ठेवला हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे, आणि हरवलेल्या गॅसचा हिशेब निदान एकदा तरी वहीत करून घ्यावा.

आपल्या पुरवणीचे वाचक तरुण आहेत आणि ऑक्टोबरात समुद्र उघडला की त्यांतले काही नव्या अभ्यासक्रमांना नावे नोंदवतील. त्याआधी त्या लेखातील ‘ॲप ठरवून देते’ या वाक्याच्या जागी ‘डायव्हरने ठरवलेल्या आकड्यांवरून ॲप हिशेब करून देते’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वास्को