माळीमामा, हे जाहीर आभार

सातारा

माळीमामांना सप्रेम नमस्कार,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू द्या, असू द्या" म्हणत विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

घराशेजारच्या मुरमाड पट्टीवर आम्हाला लॉन करायचं होतं. तुम्ही मूठभर मुरूम उचललात आणि म्हणालात, "ताई, हितल्या डोंगरात येतंय तेच लावा. ते पाण्यासाठी तुमच्या मागं लागायचं न्हाई." मग आली निर्गुडी, अडुळसा, धायटी, कढीपत्ता. बहाव्याचं बी दगडावर घासून रात्रभर भिजत घालायचं, नाहीतर त्याचं टणक कवच पाणी आत घेत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. सुरुवातीचे उन्हाळे पाणी घातलं, आता पाइप गुंडाळूनच असतो.

पण खरे आभार अळ्यांबद्दल. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली तेव्हा औषध मारू का विचारलं, तर तुम्ही पानावरचा काळा-पांढरा ठिपका दाखवलात. पक्ष्याची शीट वाटावी असा! ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते. बहाव्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट हे फुलपाखरू वाढतं. शिंजीर पक्षी धायटीच्या लाल फुलांतला मध पितो, पण पिलांना भरवायला त्याला किडे-अळ्याच लागतात. अळी नको म्हटलं तर शिंजिराची पिलं खाणार काय, हा तुमचा सवाल बिनतोड होता.

फाटकाजवळचा गुलमोहर मादागास्करचा, हे कळलं तरी मी तो तोडणार नाही. तुम्हीही कधी तोडा म्हणाला नाहीत, बरं वाटलं.

कास पठारावरच्या फुलांची रोपं मागितली तेव्हा मात्र तुम्ही साफ नाही म्हणालात. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, बोटभर मातीत, पावसाच्या हिशेबानं जगणारी ती झाडं कुंडीत आणून मारायची कशाला? रोपं विकून पोट भरणाऱ्या माणसानं हे म्हणावं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता कॉलनीतल्या तीन-चार घरांना धायटी आणि करवंद हवंय. मृगाच्या आधी एखाद्या रविवारी टेम्पो घेऊन या. आणि या वेळी पैसे घ्यायचे, 'नंतर बघू' चालणार नाही.

तुमची,
शाहूपुरीतली ताई